प्रश्न वाचकांचे : जीवशास्त्र शिकता शिकता संगणकाची ओढ लागली, तर?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्याने या वेळचे संपूर्ण सदर संगणकीय जीवशास्त्राला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. प्रकल्पासाठी मी उसाच्या शेतातील मातीतून स्फुरद विरघळवणारे जिवाणू वेगळे केले. त्यांपैकी एकाच्या १६एस जनुकाचा सीक्वेन्स (अक्षरांचा क्रम) बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून आणला आणि सरांनी तो ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून जिवाणूचे नाव शोधायला सांगितले. बॅसिलस प्रजातीतील तीन-चार जातींची नावे जवळजवळ सारख्याच टक्केवारीने वर आली आणि प्रत्येकीसमोर ई-व्हॅल्यू शून्य होती. ‘सगळ्यात वरचे नाव लिही,’ असे सर म्हणाले. मला ते पटले नाही. ब्लास्ट नेमके काय करते याचा शोध घेताना मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू लागले आणि आता प्रयोगशाळेपेक्षा संगणकासमोर माझे मन अधिक रमते. मात्र अकरावीला मी गणित सोडले होते. ही खरी आवड आहे की पेट्री डिश धुण्याच्या कंटाळ्यातून काढलेली पळवाट? एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात करावे की जैवमाहितीशास्त्रात?
— एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वात महत्त्वाचे वाक्य ‘मला ते पटले नाही’ हे आहे, म्हणून आधी त्या न पटण्याकडेच वळू.

१६एस हे जिवाणूंच्या रायबोसोममधील एका आरएनएचे जनुक आहे. त्याची लांबी सुमारे १,५०० अक्षरे (म्हणजे डीएनएचे ए, टी, जी, सी हे घटक) असते, ते सर्व जिवाणूंमध्ये आढळते, त्याचे काही भाग कोट्यवधी वर्षांत फारसे बदललेले नाहीत आणि मधले नऊ भाग मात्र बरेच बदलते आहेत. स्थिर आणि बदलत्या भागांच्या या मिश्रणामुळेच ते वंशावळ शोधण्यासाठी सोयीचे ठरले. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच आरएनएच्या तुकड्यांच्या याद्या जुळवून आर्किया हा जिवाणूंपासून वेगळा असा सजीवांचा गट असल्याचे दाखवले होते. दूरची नाती उलगडण्यात हे जनुक उत्तम आहे; सख्ख्या भावंडांना वेगळे ओळखण्यात ते तोकडे पडते. बॅसिलस सीरियस, बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि बॅसिलस अँथ्रासिस या तीन जातींचे १६एस जनुक जवळजवळ एकसारखे आहे. यांतील पहिली अन्नातून विषबाधा घडवते, दुसरीचे जनुक बीटी कापसात आहे आणि तिसरी अँथ्रॅक्सला कारणीभूत ठरते. हे ठळक फरक मुख्यतः प्लाझ्मिडांवरील (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-तुकड्यांवरील) जनुकांमुळे पडतात, आणि १६एस कितीही काळजीपूर्वक वाचले तरी त्यात प्लाझ्मिड दिसणार नाही. तुमचा जिवाणू याच गटातला आहे असे मी म्हणत नाही, पण बॅसिलसच्या इतर गटांतही अशीच अडचण येते.

आता त्या शून्याविषयी. एवढ्या आकाराच्या डेटाबेसमध्ये इतकी किंवा याहून चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल, याचा अंदाज म्हणजे ई-व्हॅल्यू. चौदाशे-पंधराशे अक्षरे ९९ टक्के जुळत असतील, तर हा अंदाज इतका सूक्ष्म येतो की सॉफ्टवेअर सरळ शून्य छापते. म्हणजे ‘ही जुळणी योगायोगाची आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळाले, आणि ‘ही जात कोणती?’ हा तुमचा प्रश्न होता तिथेच राहिला. चार नावांसमोर शून्य असेल, तर त्या शून्यांच्या आधारे चारांतून एक निवडता येत नाही; यादीत वर कोण येते हे पुष्कळदा डेटाबेसमध्ये कोणी किती नोंदी, किती लांबीच्या आणि कोणत्या नावाने केल्या यावरही अवलंबून असते. त्यामुळे सध्या अहवालात ‘बॅसिलस एसपी.’ एवढेच लिहिणे योग्य आहे. सरांना हे कारणांसह दाखवा. चांगल्या शिक्षकाला असा विद्यार्थी हवाच असतो. जातीपर्यंत पोहोचायचे असेल, तर ‘जायर-बी’सारख्या (gyrB), प्रथिन बनवणाऱ्या आणि अधिक वेगाने बदलणाऱ्या जनुकाचा क्रम काढावा लागेल, किंवा संपूर्ण जीनोम (जिवाणूचा सगळा डीएनए) वाचून तो ज्ञात जातींच्या जीनोमशी ताडून पाहावा लागेल. तिथे सरासरी साम्य साधारण ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर जात एकच मानण्याचा प्रघात आहे.

ब्लास्ट काय करते, हेही तुम्ही विचारले आहे. दोन क्रमांची सर्वोत्तम स्थानिक जुळणी हमखास शोधणारी पद्धत टेम्पल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी १९८१ मध्ये दिली होती. पण तिच्यात एका क्रमाच्या प्रत्येक अक्षराची दुसऱ्याच्या प्रत्येक अक्षराशी गाठ घालावी लागते, आणि डेटाबेस अब्जावधी अक्षरांचा झाला की ते परवडत नाही. १९९० मध्ये आलेल्या ब्लास्टने तडजोड केली. ते आधी काही अक्षरांचे छोटे तुकडे जसेच्या तसे कुठे जुळतात ते पाहते आणि तिथूनच जुळणी दोन्ही बाजूंना वाढवत नेते. वेळ प्रचंड वाचतो, आणि त्या बदल्यात एखादी दूरची जुळणी निसटण्याचा धोका पत्करलेला असतो. ही तडजोड कोणत्या जैविक प्रश्नासाठी चालेल आणि कोणत्यासाठी चालणार नाही, हे ठरवणे म्हणजेच या विषयातले खरे काम. संकेतस्थळावर बटण दाबणे कोणालाही एका दुपारी शिकवता येते.

आवड की पळवाट, याची परीक्षा तुमच्या हातातच आहे. प्रयोगशाळेने सीक्वेन्ससोबत एबी१ नावाची फाइलही पाठवली असेल. ती उघडा. चार रंगांच्या शिखरांचा आलेख दिसेल. सुरुवातीची आणि शेवटची शिखरे एकमेकांत मिसळलेली असतील आणि तिथली अक्षरे यंत्राने जेमतेम अंदाजाने लिहिलेली असतील. तो भाग स्वतः तपासून कापा, दोन्ही दिशांनी वाचलेले क्रम जोडा, जिथे ते एकमेकांशी पटत नाहीत तिथे शिखरांकडे पाहून निर्णय घ्या, मग तुलनेसाठी इतर जातींचे अधिकृत क्रम जमवून वंशवृक्ष काढा. काम कंटाळवाणे आहे. या क्षेत्रातील बराचसा वेळ अशाच कामात जातो आणि रंगीत आलेख शेवटी येतात. या साफसफाईचे मोल कळण्यासाठी एकच उदाहरण देतो. मानवी जनुकांच्या यादीतील ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी लघुनावे एक्सेल आपोआप तारखांमध्ये बदलत असे. ही चूक छापील शोधनिबंधांच्या जोडतक्त्यांत इतकी पसरली की २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलून घ्यावी लागली. सॉफ्टवेअरची सवय सुटेना, म्हणून जनुकांनी नावे बदलली! एबी१ फाइलशी झटापट करूनही तुमची उत्सुकता टिकली, तर पळवाटेची शंका मनातून काढून टाका.

मात्र पेट्री डिशचा कंटाळा आला म्हणून तिच्याशी संबंध तोडू नका. हे क्षेत्र उभे राहिले तेच प्रयोगातून आलेल्या आकड्यांवर. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये तोवर ज्ञात असलेल्या प्रथिनांचे क्रम गोळा करून त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात ६५ क्रम होते. त्यांतील प्रत्येक क्रमामागे कुणाची तरी प्रयोगशाळेतील मेहनत होती. अमिनो आम्लांसाठी आपण आज वापरतो ती एकाक्षरी चिन्हे डेहॉफ यांचीच देणगी आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रथिनाच्या साखळीला कोणत्या कोनांतून वळता येईल आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, याचे गणित मांडले. जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना तपासताना आजही रामचंद्रन आलेख काढला जातो. आपल्या पुण्याचेही एक उदाहरण आहे. प्रथिनाचा कोणता भाग प्रतिपिंडांना ओळखता येईल याचे भाकीत करणारी, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली कोळस्कर-टोणगावकर पद्धत पुणे विद्यापीठात जन्मली. लसींवरील संशोधनात ती अजूनही वापरली जाते, आणि तिचा पाया प्रयोगांनी आधीच सिद्ध झालेल्या प्रथिनखंडांची आकडेवारी हाच आहे. पिकोव्हस्काया माध्यमावर (स्फुरद विरघळवणारे जिवाणू ओळखण्यासाठीच्या खाद्यावर) जिवाणूच्या वसाहतीभोवती पडलेले स्वच्छ वलय तुम्ही स्वतः पाहिले आहे. त्यामुळे संगणकाने ‘हा जिवाणू स्फुरद विरघळवू शकणार नाही’ असे सांगितले, तर तुम्ही आधी संगणकावर शंका घ्याल. केवळ पडद्यावर शिकलेल्याला ही शंका सहसा सुचत नाही.

गणिताची उणीव खरी आहे, पण भरून न येणारी नाही. सुरुवातीला संभाव्यता आणि संख्याशास्त्र पुरेसे आहे; मॅट्रिक्स आणि कलनशास्त्र गरज पडेल तसे घेता येईल. बालभारतीची अकरावी-बारावीची गणित व संख्याशास्त्राची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतील संभाव्यतेची प्रकरणे उदाहरणांसह सोडवा. संख्याशास्त्र का हवे, ते पाहा. माणसात प्रथिने बनवणारी साधारण २०,००० जनुके आहेत. आजारी आणि निरोगी व्यक्तींमधील प्रत्येक जनुकाच्या पातळीची तुलना केली आणि नेहमीची ०.०५ ही मर्यादा लावली, तर काहीही फरक नसताना केवळ योगायोगाने सुमारे १,००० जनुके ‘महत्त्वाची’ ठरतील. बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये सुचवलेली, अशा खोट्या निकालांचे प्रमाण आटोक्यात ठेवणारी दुरुस्ती अशा वेळी लावतात. पायथन न येणारा माणूस हळू काम करतो, एवढेच. हे न समजणारा माणूस वेगाने चुकीचे निष्कर्ष काढतो.

राहिला प्रश्न एम.एस्सी.चा. पुणे विद्यापीठातील जैवमाहितीशास्त्र केंद्र १९८७ पासूनचे आहे, आणि तिथल्यासारखे अल्गोरिदम, संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही कसून शिकवणारे ठिकाण मिळत असेल तर जरूर जा. परंतु नाव जैवमाहितीशास्त्राचे आणि दोन वर्षे फक्त तयार सॉफ्टवेअरच्या खिडक्या दाखवायच्या, असेही अभ्यासक्रम आहेत. त्यांच्यापेक्षा सूक्ष्मजीवशास्त्राचा चांगला विभाग निवडून प्रबंधिका संगणकीय विषयावर करणे मी केव्हाही पसंत करीन. प्रवेशाच्या अटी अर्जाआधी नीट वाचा, कारण काही संस्था बारावीला गणित असण्याची अट घालतात. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिच्यासाठी अर्ज केलात, तर एखाद्या संगणकीय प्रयोगशाळेत दोन महिने प्रत्यक्ष काम करून मग निर्णय घेता येईल.

प्रश्न : माझ्या मुलीने नीटचा नाद सोडून बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी केले. आता ती संगणकीय जीवशास्त्रात पुढे शिकायचे म्हणते. आम्हा शिक्षक कुटुंबाला यातले काही कळत नाही. नोकरी मिळेल का? एका संस्थेने सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रासाठी मोठी फी सांगितली आहे, भरावी का?
— एक पालक, लातूर

उत्तर : फी भरू नका. पायथन, आर, लिनक्स आणि संख्याशास्त्र हे सर्व केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या शिक्षण-पोर्टलवर नामवंत संस्थांच्या प्राध्यापकांकडून विनामूल्य शिकता येते, आणि ‘रोझालिंड’ या संकेतस्थळावर जीवशास्त्रातील लहान-लहान कूटप्रश्न प्रोग्रॅम लिहून सोडवण्याचा सरावही होतो. नोकरी देणारा सहसा प्रमाणपत्र पाहत नाही. उमेदवाराने कोणता प्रश्न घेतला, त्यासाठी लिहिलेला कोड कुठे पाहता येईल आणि निकालावर त्याचा स्वतःचा किती विश्वास आहे, हे तो विचारतो.

नोकरीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. औषध व बियाणे कंपन्या, जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळा आणि कर्करोग संशोधन संस्था यांना अशी माणसे लागतात. खारघरचे अ‍ॅक्ट्रेक, पुण्यातील एनसीसीएस, एनसीएल, आयसर आणि सी-डॅक या संस्था तुमच्यापासून फार दूर नाहीत. पण केवळ बी.एस्सी.वर मिळणारी कामे थोडी आणि बहुधा साचेबद्ध असतात. एम.एस्सी.नंतर संशोधन प्रकल्पांतील पदे मिळतात, ती कंत्राटी असतात. नेटसारखी परीक्षा उत्तीर्ण होऊन पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, तर कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता अशी आहे. स्वतंत्र संशोधक म्हणून उभे राहण्यास पीएच.डी. लागतेच, आणि तिला पाच-सहा वर्षे जातात. डॉक्टरकीप्रमाणे ठरलेल्या पायऱ्या इथे नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहिले तर संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग येणाऱ्या मुलीला जीवशास्त्राबाहेरची दारेही उघडी राहतात. ‘लग्नाचे वय’ हा मुद्दा तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिला होता. तो या सदराच्या कक्षेबाहेरचा असल्याने मुलीशीच बोलावे.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने प्रथिनांचा प्रश्न सोडवला, त्याला नोबेलही मिळाले. मग या क्षेत्रात आता करण्यासारखे काय उरले?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिने रचण्यासाठी आणि उरलेला अर्धा डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना रचनेच्या भाकितासाठी मिळाला. अमिनो आम्लांच्या क्रमावरून घडी पडलेल्या प्रथिनाची त्रिमितीय रचना सांगणे, हा जुना प्रश्न अल्फाफोल्डने २०२० च्या रचना-भाकिताच्या स्पर्धेत थक्क करणाऱ्या अचूकतेने हाताळला, आणि २०२२ मध्ये २० कोटींहून अधिक प्रथिनांची भाकिते खुली झाली. हे यश थोर आहे. पण ते शिकले कशावर? १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेवर. तिच्यातील रचना शास्त्रज्ञांनी स्फटिक बनवून, क्ष-किरण सोडून, कधी एकेका प्रथिनावर अनेक वर्षे घालवून जमवल्या होत्या.

उरलेले प्रश्न पुष्कळ आहेत. प्रथिने स्थिर नसतात, ती हलतात आणि आकार बदलतात. कित्येकांच्या मोठ्या भागाला ठरावीक घडीच नसते. एका अक्षराच्या बदलाने प्रथिन निकामी होईल की नाही, हे रचनेच्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. शिवाय पेशी म्हणजे एक प्रथिन नव्हे. आपल्याकडे जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेली ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. जातीअंतर्गत विवाहांच्या दीर्घ परंपरेमुळे भारतात काही समाजांत विशिष्ट आनुवंशिक आजार अधिक आढळतात. युरोपीय लोकांच्या माहितीवर घडवलेली भाकिते इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तुमच्यासारख्यांसाठी हे काम आहे, अट एवढीच की आधी एक वर्ष पेशीजीवशास्त्र आणि आनुवंशिकी मनापासून वाचा. जीवशास्त्राला ‘डेटा’ समजून येणारे अभियंते मी पुष्कळ पाहिले. त्यांतील बहुतेक जण एका उन्हाळ्यात परत गेले.

प्रश्न : ग्रामीण महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्याकडे जुने संगणक आहेत आणि इंटरनेट अधूनमधून असते. विद्यार्थ्यांना या विषयाची गोडी कशी लावावी?
— एक प्राध्यापक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : मोठ्या जीनोमच्या मागे न लागता करोना विषाणूचा जीनोम घ्या. त्याचा संदर्भक्रम २९,९०३ अक्षरांचा आहे. म्हणजे फाइल जेमतेम ३० किलोबाइटची, मोबाइलवरच्या एका फोटोहूनही लहान. ती आणि पायथन एकदाच उतरवून पेन ड्राइव्हने सर्व संगणकांवर टाका, पुढे इंटरनेट लागणार नाही. विद्यार्थ्यांना आधी चारही अक्षरे मोजू द्या. विषाणू आरएनएचा असताना फाइलमध्ये यू ऐवजी टी का दिसतो, हे कुणीतरी विचारेलच. तिथे तास थांबवून चर्चा करा.

मग २१,५६३ व्या अक्षरापासून सुरू होणारे स्पाइक प्रथिनाचे जनुक कापून तीन-तीन अक्षरांनी त्याचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडून लिहून घ्या. २०२० च्या पूर्वार्धात जगभर पसरलेला डी६१४जी हा बदल २३,४०३ व्या अक्षरात आहे : तिथे ए जाऊन जी आला आणि ६१४ व्या स्थानावरील अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी ग्लायसीन बसले. हा बदल त्यांना फाइलमध्ये स्वतः करून प्रथिनाचा क्रम पुन्हा काढायला सांगा. पायथन शून्यापासून मोजते, त्यामुळे २३,४०३ वे अक्षर त्याच्या लेखी २३,४०२ वे असते आणि निम्म्या वर्गाचे उत्तर एका अक्षराने हुकेल. ते आधी फळ्यावर सांगू नका. भलतेच अमिनो आम्ल का आले, हे मुलांना जीवशास्त्राच्या वहीवरूनच शोधू द्या.